काजू, आमसुलं आणि गोव्यातला पाऊस: स्टँडअप पाऊच नऊ महिने वापरून

गेल्या जूनपासून मी हे स्टँडअप पाऊच वापरतेय, म्हणजे ते खाली बूड असलेलं, फळीवर उभं राहणारं झिपवालं पाकीट. आमचा घरगुती धंदा आहे फोंड्याला, भाजलेले काजू, मसाला काजू, आमसुलं आणि थोडं आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस. आधी साध्या प्लास्टिकच्या पिशवीला मेणबत्तीवर चिकटवून द्यायचो, पण दुकानदार म्हणायला लागला वहिनी ही पाकिटं आडवी पडतात, गिऱ्हाईकाला दिसत नाहीत. म्हणून पाऊच.

पहिली चूक माझीच. क्राफ्ट पेपरचे खिडकीवाले पाऊच घेतले, कारण ते बघायला छान, "ऑरगॅनिक" वाटतात, आणि ५०० नग घेतले एकदम. जुलैत आमच्याकडे पाऊस कसा असतो तो माहीतच आहे, कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते. तर त्या कागदाने ओल धरली, फुगून मऊ झाला आणि काहींवर काळे ठिपके. आत प्लास्टिकचा थर असतो म्हणून माल भिजला नाही हे खरं, पण असलं पाकीट हातात कोण घेईल? शिवाय खिडकीतून उजेड आत जातो, आणि काजूत तेल भरपूर, उजेड आणि हवा मिळाली की त्याला खवट वास यायला वेळ लागत नाही. दीड महिन्यात एका दुकानातून ११ पाकिटं परत आली. कुरकुरीतपणा तर आधीच गेलेला.

मग सिल्व्हर घेतले. इथे एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती ती सांगते. चंदेरी दिसणारे पाऊच दोन जातीचे असतात. एक मेटलाइज्ड, म्हणजे प्लास्टिकच्या फिल्मवर ॲल्युमिनियमची वाफ धरून केलेला नुसता मुलामा. दुसरा खऱ्या फॉइलचा, त्यात बाहेर पॉलिएस्टर, मध्ये साधारण ७ ते ९ मायक्रॉनची फॉइल आणि आत पॉलिथिन, जे सीलिंग करताना वितळून चिकटतं. दुकानात दोन्हीला सिल्व्हरच म्हणतात. ओळखायचं कसं, तर रिकाम्या पाऊचच्या आत मोबाईलचा टॉर्च लावून बघायचं. मेटलाइज्ड असेल तर उजेडाचा गोळा बाहेरून अंधुक दिसतो, फॉइल असेल तर मिट्ट काळोख. मी ज्याच्याकडून घेतले त्याने फॉइल सांगून मेटलाइज्ड दिले होते, विचारल्यावर "मॅडम एकच हो ते" म्हणाला. एकच नाही. पण खरं सांगायचं तर दोन महिन्यांत खपणाऱ्या काजूला मेटलाइज्डसुद्धा चालतो, चार-सहा महिने टिकवायचा असेल तर मात्र फॉइलच.

खरा घोळ झाला चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या ऑर्डरींना. पुण्याला ४० पाकिटांचा खोका पाठवला आणि ६ पाकिटं फुटून पोचली, सगळी एकाच जागी, खालच्या कोपऱ्यात. मी म्हटलं कुरियरवाल्यांनी आपटला असणार. आमचे सासरे ४० वर्षं टेलरिंग करायचे, त्यांनी एक फुटलेलं पाकीट चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "अगो, शिवण उसवते ती कोपऱ्यातच, जिथे घड्या जास्त तिथे." आणि तेच बरोबर निघालं. पाऊचच्या बुडाला जी घडी असते, तिच्यामुळे खाली बाजूच्या कडेला चार थर येतात आणि थोडं वर गेलं की दोनच. चार थरांवरून दोन थरांवर येते ती जागा नीट दाबली आणि तापली गेली नाही तर तिथे केसाएवढी फट राहते. चांगल्या पाऊचमध्ये बुडाच्या घडीच्या दोन्ही टोकांना छोटी भोकं पाडलेली असतात, कारण घडीची बाहेरची बाजू पॉलिएस्टरची, ती एकमेकांना चिकटत नाही, भोकातून पुढचा आणि मागचा पापुद्रा आतल्या पॉलिथिनने थेट एकमेकांना धरतात. माझ्या त्या लॉटला भोकं होती पण तिथे काही चिकटलंच नव्हतं, बोटाने ओढलं तर उघडलं.

आता प्रत्येक लॉटमधले पाच-सहा पाऊच मी हवा भरून सील करते आणि बादलीत पाण्याखाली दाबते. बुडबुडा आला की लॉट परत.

यावरून आठवलं. हे पाऊच आले कुठून म्हणून शोधत गेले तर मजाच निघाली. फ्रान्समध्ये बार्थेलेमी थिमोनिए नावाचा शिंपी होता, त्याने १८३० मध्ये शिवणयंत्राचं पेटंट घेतलं, पॅरिसला सैन्याचे कपडे शिवायला ८० यंत्रं लावली, आणि आपलं पोट जाईल या भीतीने बाकीच्या शिंप्यांनी १८३१ मध्ये घुसून ती फोडून टाकली. बिचारा गरिबीतच गेला, १८५७ ला. पण त्याच्या नावाची शिवणयंत्रांची कंपनी फ्रान्समधल्याच लिओं शहराकडे चालत राहिली, दुसऱ्या महायुद्धानंतर कापड सोडून प्लास्टिक तापवून जोडायच्या यंत्रांकडे वळली, आणि १९६० च्या दशकात तिथल्या लुई दोयेंने हे बुडावर उभं राहणारं पाकीट काढलं. त्याच्याच नावावरून या पाकिटाला डॉयपॅक म्हणतात. कॅप्री-सन ज्यूस १९६९ ला जर्मनीत आला तो असल्याच पाकिटात. हे सगळं सासऱ्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग बरोबर आहे, शिंप्याच्या घरचंच काम." दोन दिवस मिशीत हसत होते.

साईजचं सांगायचं राहिलं. विकणारे २५० ग्रॅमचा पाऊच म्हणतात, पण २५० ग्रॅम कशाचे? माझा काजू डब्ल्यू ३२०, म्हणजे एका पाउंडात ३०० ते ३२० गर. तो २५० च्या पाऊचमध्ये बसतो, पण झिपच्या अगदी गळ्यापर्यंत येतो आणि सील करायला जागा उरत नाही. आमसुलं तर त्याच पाऊचमध्ये २०० ग्रॅमसुद्धा बसत नाहीत, कारण ती चिकटून गोळे होतात. आधी रिकामे सॅंपल मागवा, माल भरून बघा, मगच ऑर्डर द्या.

झिप चांगली आहे पण तिच्यावर भरवसा ठेवू नका. ती गिऱ्हाईकाने उघडल्यानंतरची सोय, हवा रोखायचं काम वरच्या सीलचं. मसाला काजूची पूड झिपच्या खाचेत बसली की ती लागतच नाही, आणि सीलच्या पट्टीवर तेलाचा हात लागला तरी तिथे जोड कच्चा राहतो. मी आता कागदाचं नरसाळं करून भरते आणि वरची पट्टी कोरड्या फडक्याने पुसते. सीलर आठ इंची हातवाला आहे, दिवसाला १०० पाकिटांपर्यंत ठीक, पुढे वायर फार तापते आणि प्लास्टिक सुरकुततं, थोडी विश्रांती द्यावी लागते.

आमसुलांना मी फॉइल बंद केली. त्यात मीठ आणि आंबट, आतल्या थराला कुठे ओरखडा असला तर ॲल्युमिनियमवर डाग उठतात. त्यांना जाड पारदर्शक पाऊच घेते, फक्त दुकानदाराला सांगते उन्हात मांडू नको, रंग उडतो. आगळ पाऊचमध्ये भरून बघितलं एकदा, स्वयंपाकघर लाल झालं, विषय संपला. आगळ काचेच्या बाटलीतच.

सगळ्यात न पटणारी गोष्ट कचऱ्याची. हे थर एकदा चिकटले की वेगळे होत नाहीत, म्हणजे पुन्हा वितळवून काही करता येत नाही. गोव्यात साळगावला २०१६ पासून कचरा प्रकल्प आहे, आमच्याकडे सुका कचरा वेगळा घेऊन जातात, पण भंगारवाला ही पाकिटं हातात धरत नाही. आमची सासू अजून लग्नातल्या चिनीमातीच्या बरणीत आमसुलं ठेवते आणि माझ्याकडे बघून काही बोलत नाही, तेच जास्त लागतं. एकाच जातीच्या प्लास्टिकचे पाऊच निघालेत, ते रिसायकल होतात म्हणे, पण आमच्या पावसात काजू किती दिवस कुरकुरीत राहील ते वापरल्याशिवाय सांगणार नाही.

किंमत विचाराल तर मला २५० चा फॉइल पाऊच सात रुपयांच्या आसपास पडतो, मेटलाइज्ड पाचला. छापील घेतले नाहीत, दर रंगाला छपाईचा सिलिंडर वेगळा करावा लागतो आणि तेवढा माल आपला नाही, म्हणून स्टिकर. काजूसाठी पाचपैकी चार, आमसुलांसाठी तीन.

ते क्राफ्टवाले अजून दोनशेच्या वर पडलेत घरात. कोणाला सुकी फुलं, वाती, कापूर असलं काही भरायला हवे असतील तर फोंड्याला येऊन फुकट घेऊन जा, फक्त जूनच्या आधी या.