१९५६ची फोर्ड एफ-१००, हॉट रॉड केलेली (म्हणजे जुन्या गाडीत नवं, ताकदवान इंजिन आणि भाग घातलेली)

सॅन होजेजवळच्या एका गॅरेजात ही पिकअप पाहिली आणि तिथेच जीव जडला. दोन्ही कडांना वळलेली पुढची काच एफ-१००च्या या पिढीत फक्त १९५६ सालीच आली. माझ्या मते एफ-१००चं सगळं रूप त्या काचेत आहे. आत शेवरलेचं ३५० व्ही-८ इंजिन, पुढे फोर्डच्या मस्टँग-२ या कारच्या पद्धतीचं सस्पेन्शन, म्हणून वळणावर जुन्या ट्रकसारखी हेलकावत नाही. हौद्यातल्या ओकच्या फळ्यांवरून हात फिरवला तर एक कुसळ लागत नाही.

रेडिएटर मात्र लहान बसवलेला. जूनच्या ट्रॅफिकमध्ये इंजिनाच्या तापमानाचा काटा २३० फॅरनहाइटवर गेला. शेजारी बाबा बसलेले, इंजिनाची उष्णता काढायला त्या उकाड्यात हीटर लावून कशीबशी घरी आणली. मोठा रेडिएटर आणि इलेक्ट्रिक पंखा घातल्यापासून काटा १९०लाच थांबतो. बाबा आता स्वतःहून विचारतात, "आज काढायची का गाडी?"