पिक्सेल ९ए की गॅलेक्सी ए५६: पन्नास हजारांत सहा वर्षं टिकणारा फोन

माझी मावसबहीण देवरुखजवळच्या एका शाळेत शिकवते. जूनमध्ये तिचा जुना फोन ओट्यावरून फरशीवर पडला आणि स्क्रीन गेली. त्या कंपनीचं दुरुस्ती केंद्र जवळपास नव्हतं, स्क्रीन बाहेरून मागवावी लागली आणि फोन हातात यायला बावीस दिवस गेले. तेवढे दिवस पालकांचे ग्रुप, बँक, शाळेची माहिती भरणं, सगळं नवऱ्याच्या फोनवरून. फोन परत आला तोवर तिचं मन त्यातून उडालं होतं. म्हणाली, "दादा, पन्नास हजारांपर्यंत जाते, पण पुढची पाच-सहा वर्षं मला परत फोनच्या दुकानाची पायरी चढायची नाही."

हे ऐकलं आणि माझं निम्मं काम झालं. या किमतीत वेगवान प्रोसेसरचे आणि झटपट चार्ज होणारे फोन पुष्कळ आहेत, पण त्यातल्या बऱ्याच जणांची अपडेटची हमी तीन-चार वर्षांत संपते. ते बाजूला ठेवले. आयफोन १६ई भारतात ५९,९०० रुपयांना आला, म्हणजे तो बजेटबाहेर. शिवाय मागे एकच कॅमेरा आणि ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलणारी स्क्रीन. घरात सगळ्यांकडे आयफोन असते तर वेगळा विचार केला असता. उरले दोन: गूगलचा पिक्सेल ९ए आणि सॅमसंगचा गॅलेक्सी ए५६. दोन्ही मार्च २०२५ मध्ये जाहीर झाले.

किमतीची तुलना करताना एक चूक सहज होते. ए५६ ची किंमत ४१,९९९ पासून सुरू होते असं आपण वाचतो, पण ती १२८ जीबीची. पिक्सेल ९ए भारतात २५६ जीबीमध्येच आला, ४९,९९९ रुपयांना. ए५६ चं ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीचं मॉडेल ४४,९९९ चं होतं. ए५६ मध्ये मेमरी कार्डाची सोय नाही, त्यामुळे सहा वर्षं वापरायचा तर १२८ चा विचारच नको. म्हणजे खरा फरक आठ हजारांचा नसून पाच हजारांचा आहे. या फोन बाजारात आले तेव्हाच्या, म्हणजे २०२५ च्या किमती आहेत. सणासुदीच्या ऑफरमध्ये आकडे हलतात, तेव्हा घ्यायच्या दिवशी पुन्हा बघा, पण २५६ ची तुलना २५६ शीच करा.

पिक्सेलला सात वर्षं अँड्रॉइड आणि सुरक्षा अपडेट मिळणार, म्हणजे २०३२ पर्यंत. ए५६ ला सहा, म्हणजे २०३१ पर्यंत. किंमत वर्षांवर वाटली तर पिक्सेल साधारण ७,१४० रुपये वर्षाला पडतो आणि ए५६ साधारण ७,५००. इथपर्यंत पिक्सेल स्वस्त आहे. बहिणीला मी हेच सांगणार होतो. मग बॅटरीचा विचार आला आणि हिशेब पालटला.

पिक्सेल ९ए ची बॅटरी ५१०० एमएएचची आहे, ए५६ ची ५००० ची. हा फरक सोडून द्या. पण पिक्सेल ९ए मध्ये गूगलने एक व्यवस्था कायमची ठेवली आहे, ती बंद करता येत नाही. बॅटरीची २०० चार्ज-चक्रं झाली की फोन तिचा कमाल व्होल्टेज टप्प्याटप्प्याने उतरवू लागतो, म्हणजे एका चार्जवर फोन थोडा कमी चालतो, आणि हे १००० चक्रांपर्यंत चालतं. शून्यापासून शंभरापर्यंत एकदा भरली की एक चक्र. रोज पूर्ण बॅटरी संपवणाऱ्या माणसाची २०० चक्रं सहा-सात महिन्यांत होतात आणि हजार तीन वर्षांच्या आत. जुनी होणारी बॅटरी सुरक्षित राहावी हा हेतू मला पटतो, आणि म्हातारी तर प्रत्येक फोनची बॅटरी होते, सॅमसंगचीही. ए५६ मध्ये चार्जिंग ८० ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान थांबवायची मुभा आहे, पिक्सेलमध्ये ८० टक्क्यांची. ती वापरली की झीज कमी होते. तरीही सहा-सात वर्षांत एकदा बॅटरी बदलावी लागणार, हे दोन्ही फोनसाठी धरून चालायला हवं.

आणि बॅटरी बदलायची म्हणजे पुन्हा दुरुस्ती केंद्र. बहिणीला जिथे अडचण आली होती, तिथेच आपण परत येतो.

सॅमसंगचं सेवेचं जाळं आपल्याकडे जुनं आणि पसरलेलं आहे, जिल्ह्याच्या गावी केंद्र सहसा मिळतं. पिक्सेलची अधिकृत केंद्रं मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. पुण्या-मुंबईत राहणाऱ्याला यात काहीच अडचण नाही. देवरुखहून मात्र रत्नागिरीला जाऊन येण्यातच दिवस मोडतो, त्यापुढे कुठे जायचं म्हणजे शाळेची रजा टाकावी लागते. सातवं वर्ष कागदावर आहे, पण चौथ्या वर्षी बॅटरी बदलून घेणं जमलं नाही तर त्या सातव्या वर्षाचा उपयोग कोणाला? म्हणून माझं सांगणं आहे की कॅमेऱ्याचे नमुने बघण्याआधी दोन्ही कंपन्यांच्या संकेतस्थळावर जाऊन आपल्या जवळचं केंद्र किती दूर आहे ते शोधा.

सिमकार्डाकडे फार कमी लोक लक्ष देतात. पिक्सेल ९ए मध्ये एकच प्रत्यक्ष सिम बसतं, दुसरं ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच चालू होणारं सिम, करावं लागतं. ए५६ मध्ये दोन सिम बसतात, वर ई-सिमची सोयही आहे. ज्यांच्या घरात एका कंपनीची रेंज येते आणि शाळेत दुसरीची, त्यांना दोन खाचा बऱ्या. फोन अचानक बंद पडला तर सिम काढून घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये घालता येतं आणि बँकेचा ओटीपी अडत नाही. बावीस दिवस तिचं काम चाललं ते याच जोरावर.

कॅमेऱ्यात मात्र पिक्सेल पुढे आहे, आणि हे मी आडपडदा न ठेवता सांगतो. संध्याकाळच्या उजेडात, घरातल्या पिवळ्या दिव्याखाली, हलणाऱ्या मुलांचे फोटो तो जास्त नेमके काढतो आणि आपल्याकडचा सावळा रंग उगाच उजळवत नाही. ए५६ चा ५० मेगापिक्सेलचा मुख्य कॅमेरा दिवसा छान चालतो. त्याचा ५ मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा मोजणीत धरू नका. पिक्सेलमध्ये वेगळी मॅक्रो लेन्स नसूनही जवळचे फोटो अधिक चांगले येतात. लहान बाळ असलेल्या घराने फक्त एवढ्यासाठी पिक्सेल घेतला तरी मी अडवणार नाही.

हातात धरल्यावर दोघांची वळणं वेगळी आहेत. पिक्सेल १८६ ग्रॅमचा आणि ६.३ इंची, ए५६ १९८ ग्रॅमचा आणि ६.७ इंची. पिक्सेल रुंदीला चार मिलिमीटरने कमी आहे, आणि एका हाताने टाइप करताना तेवढंही जाणवतं. उन्हात पिक्सेलची स्क्रीन जास्त उजळते. उलट ए५६ वर वर्गाचे तक्ते आणि पीडीएफ वाचायला मोठी जागा मिळते. पडण्याचं म्हणाल तर पिक्सेलच्या पुढे गोरिला ग्लास ३ आहे, २०१३ साली आलेली काच. ए५६ ला पुढे-मागे व्हिक्टस प्लस ही त्याच गोरिला मालिकेतली नवी काच आहे. मात्र पिक्सेलची पाठ प्लास्टिकची, ती फुटत नाही, आणि ए५६ ची पाठ काचेची. धूळ-पाणी रोखण्याच्या श्रेणीत पिक्सेल आयपी६८, ए५६ एक पायरी खाली, आयपी६७. पावसाळ्यात दोन्ही चालतील, पण पाणी शिरून झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत धरत नाहीत, हे कोकणातल्या माणसाने लक्षात ठेवावं.

चार्जिंग ए५६ चं ४५ वॉटचं, पिक्सेलचं २३ चं. वीज जाते-येते तिथे हा फरक मोठा आहे. पिक्सेलला बिनतारी चार्जिंग आहे, ए५६ ला नाही. डब्यात चार्जर दोघांच्याही नाही. प्रोसेसर पिक्सेलचा सरस, पण तिच्या कामात तो फरक दिसणार नाही. कॉल रेकॉर्डिंग सॅमसंगच्या फोन अ‍ॅपमध्ये सरळ होतं, गूगलच्या अ‍ॅपमध्ये रेकॉर्डिंग सुरू झाल्याची घोषणा समोरच्याला ऐकू जाते.

मी पुण्यात राहतो. स्वतःसाठी घ्यायचा असता तर पिक्सेल घेतला असता, मुख्यतः कॅमेरा आणि आकारासाठी. बहिणीला ए५६ घ्यायला सांगितलं. तिने दुकानात दोन्ही हातात धरले, पिक्सेल तिला जास्त आवडला, आणि तरी तिने ए५६ चं २५६ जीबीचं मॉडेल घेतलं. वाचलेल्या पाच हजारांतून ४५ वॉटचा चार्जर आणि जाड कडांचं कव्हर आलं. उरलेले पैसे तिने चौथ्या वर्षीच्या बॅटरीसाठी वेगळे ठेवले आहेत.