यामाहा आरएक्स १०० चं इंजिन काम, पोर्टिंग किती करायचं (नाना पेठेतलं गॅरेज)

बाबांची ९२ ची आरएक्स १००, पिस्टन खडखडायला लागला म्हणून इंजिन उघडायचंच होतं, आणि मला त्यातच फुल पोर्टिंग (सिलिंडरमधली हवा आत घ्यायची आणि धूर बाहेर सोडायची भोकं, म्हणजे पोर्ट, घासून मोठी करणं) करून हवं होतं कारण मित्राची तशी केलेली गाडी वरच्या आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) गेली की सुसाट पळते. गॅरेजच्या काकांनी बॅरल (सिलिंडर) उजेडात धरून मला एक्झॉस्ट पोर्टच्या (धूर बाहेर जायच्या भोकाच्या) कडेवरून बोट फिरवायला लावलं आणि विचारलं, रोज कुठे चालवतोस? म्हटलं कोथरूड ते हिंजवडी. मग म्हणाले, पोर्टची वरची कड अजून वर नेली की एक्झॉस्ट लवकर उघडतो, ताकद सगळी वरच्या आरपीएमला जाते, खालची ओढ मरते, चांदणी चौकाच्या चढाला सारखा गिअर पाडत बसशील. रुंदी जास्त वाढवली तर पिस्टनची रिंग पोर्टच्या खिडकीत अडकून तुटते ते वेगळंच. "घासलेलं लोखंड परत येत नाही बाळा."

शेवटी बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) ०.५० मिमी ओव्हरसाइज, पोर्टची उंची होती तेवढीच, फक्त आतले कास्टिंगचे उंचवटे साफ केले आणि बोअरनंतर राहिलेल्या धारदार कडा हाताने मोडल्या. ९८ सीसीच्या गाडीला एवढं पुरे, हे आता चालवून पटलंय, ट्रॅफिकमध्ये हळू झाली तरी तिसऱ्या गिअरवर मस्त उचलते.

वेळेचं मात्र सांभाळा, चार दिवस सांगून अकरा लागले आणि फोन उचलत नाहीत. तरी बाबांची गाडी परत त्यांच्याकडेच देईन.