मनगटाचा बँड की बोटाचा ऑक्सिमीटर?

रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या टोळक्यात आठवडाभर एकच विषय चाललाय. आबांचा मुलगा पुण्याहून फिटनेस बँड पाठवतो म्हणतोय. आबा अडुसष्ट वर्षांचे, दम्याचा जुना त्रास. त्यांचा प्रश्न सरळ होता : “दोन्हीबी ऑक्सिजन सांगत्यात, दोन्हीबी ठोकं मोजत्यात. मग पैसं कशात घालायचं, सांग की.” तीन वर्षं मी मनगटावर बँड बांधतोय आणि कोविडात घेतलेला ऑक्सिमीटर अजून घरात चालू आहे. कट्ट्यावर दूध पिता पिता आबांना जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर.

आधी यंत्रं करतात काय ते बघू. ऑक्सिमीटरच्या चिमट्यात एका बाजूला दोन दिवे असतात. एक लाल, साधारण ६६० नॅनोमीटरचा. दुसरा डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड, साधारण ९४० चा. समोर सेन्सर. प्रकाश बोटातून आरपार जातो. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश कमी शोषतं आणि इन्फ्रारेड जास्त. ऑक्सिजन सोडून आलेल्याचं उलटं. या दोन्हींच्या प्रमाणावरून रक्तातलं किती टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजन घेऊन आहे ते काढतात. पण बोटात कातडी, हाड, शिरांमधलं रक्त असं सगळंच प्रकाश अडवतं, मग त्यातलं धमनीचं रक्त वेगळं कसं काढायचं? नाडीच्या ठोक्यागणिक जेवढं कमीजास्त होतं तेवढंच मोजायचं. ही युक्ती ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याची, १९७० च्या दशकातली. म्हणजे ठोकाच नीट सापडला नाही, तर ऑक्सिजनचा आकडाही बिनभरवशाचा.

बँडमध्ये दिवे आणि सेन्सर एकाच बाजूला असतात. मनगटातून प्रकाश आरपार जाणार कसा, मध्ये हाडं आहेत. त्यामुळे कातडीखाली जाऊन परत फिरलेल्या थोड्याशा प्रकाशावर सगळा कारभार. शिवाय मनगटाच्या पाठीकडच्या कातडीत रक्त बोटाच्या टोकापेक्षा कमी खेळतं. ठोके मोजायला बँड हिरवा दिवा वापरतो, रात्री अंधारात हाताखाली लुकलुकतो तो. हिरवा प्रकाश रक्त चांगला शोषतं आणि हात हलला तरी तो त्यातल्या त्यात टिकतो. ऑक्सिजनसाठी मात्र पुन्हा लाल आणि इन्फ्रारेडकडेच जावं लागतं, आणि तिथे मनगट गोत्यात येतं.

एका रविवारी मी बँड टॉवेलच्या गुंडाळीला बांधून बघितला. तीनदा काहीच दाखवलं नाही. चौथ्यांदा ७८ ठोके. टॉवेलची तब्येत उत्तम होती म्हणायची.

ठोक्यांच्या बाबतीत

इथे मी बँडच्या बाजूने आहे. शांत बसलेलं असताना किंवा झोपेत बँड जे ठोके सांगतो ते बोटाच्या यंत्राशी सहसा दोन-तीनच्या फरकाने जुळतात. आणि ऑक्सिमीटर तुम्ही लावाल तेव्हाच बोलतो. बँड दिवसरात्र नोंद ठेवतो. माझे झोपेतले ठोके एरवी ५८ च्या आसपास असतात. गेल्या पावसाळ्यात सलग दोन रात्री ते ६८ वर गेले आणि तिसऱ्या दिवशी अंगात ताप भरला. अशी चढती रेघ चिमट्याने कधी दिसली नसती.

पण व्यायामात याच बँडची भंबेरी उडते. भरभर चालताना तो कधी कधी पावलंच ठोके म्हणून मोजतो. मिनिटाला १२० पावलं पडत असतील, तर ठोकेही १२० दाखवतो आणि आपल्याला वाटतं आज दम चांगला लागला. जोर मारताना मनगट मागे मुडपतं, पट्टा आणि कातडी यांच्यात फट पडते आणि आकडा एकदम खाली येतो. तालमीत जाणाऱ्या माझ्या भाच्याला तर बँडने भलतंच घाबरवलं. विश्रांतीत ठोके ४८, म्हणून सारखी धोक्याची सूचना. विश्रांतीतली सर्वसाधारण पातळी ६० ते १०० धरतात हे खरं, पण अंग कमावलेल्या पैलवानाचे ठोके त्याहून कमी असू शकतात. चक्कर नाही, दम नाही, तर त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. आखाड्यातली लाल माती सेन्सरच्या काचेवर बसून आकडे बिघडायचे ते वेगळंच. ओल्या फडक्याने पुसल्यावर ताळ्यावर आले.

जोर-बैठकांमध्येही नेमके ठोके हवे असतील, तर छातीला बांधायचा पट्टा येतो. तो प्रकाशाऐवजी हृदयाचे विद्युत संकेत पकडतो. स्पर्धेची तयारी नसेल तर त्यात पैसे घालू नका. मनगटावर दोन बोटं ठेवून ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा, फुकटात काम होतं. ठोका अडखळतोय असं वाटलं तर पूर्ण मिनिट मोजा आणि डॉक्टरांना सांगा.

ऑक्सिजनच्या बाबतीत

हिवाळ्यात एका पहाटे बँडने मला ८९ दाखवलं. बायको उठून बसली. चिमटा लावला तर ९७. हात उशीखाली दाबून झोपलो होतो, रक्त नीट खेळत नव्हतं, एवढंच. तेव्हापासून बँडवरचा ऑक्सिजनचा आकडा मी वाचतच नाही. आईच्या हातावर तर त्याने आकडाच दिला नाही, नुसती “पुन्हा प्रयत्न करा” अशी विनवणी. तिच्या मनगटावर लग्नाआधीचं हिरवं गोंदण आहे. गोंदणाची शाई प्रकाश गिळते. आपल्याकडच्या जुन्या बायकांसाठी बँड घेताना ही गोष्ट दुकानदार सांगणार नाही.

चिमट्याचेही नखरे आहेत. नखाला गडद पॉलिश किंवा मेंदी असली, हात गार असले, बोट थरथरत असलं तर तो फसतो. गडद वर्णाच्या माणसात तो खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, हे अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने पुढे आणलं. यंत्राने ९० दाखवलं तर खरा आकडा साधारण ८६ ते ९४ मध्ये कुठेही असू शकतो, असं तिथल्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये लोकांना सांगितलं होतं. आणखी दोन गोष्टी चिमट्याला कळतच नाहीत. बंद खोलीत शेगडी पेटवली आणि कार्बन मोनॉक्साइड रक्तात गेला, तर तो त्यालाच ऑक्सिजन समजून ९८ दाखवू शकतो. आणि रक्त कमी असलेल्या बाईलाही ९९ येऊ शकतं, कारण तो टक्केवारी सांगतो, हिमोग्लोबिन किती आहे ते सांगत नाही.

तरीही ऑक्सिजनसाठी घ्यायचा तर चिमटाच. पाच मिनिटं शांत बसा, हात चोळून गरम करा, मधलं बोट घाला, हात छातीच्या उंचीवर टेकवून ठेवा. पहिला आकडा सोडून द्या. अर्ध्या-एक मिनिटाने स्थिर होईल तो धरा. निरोगी माणसात ९५ ते १००. कोविडात सहा मिनिटं चालून बघायला सांगत होते, ते आठवत असेल. चालल्यावर आकडा तीनने किंवा जास्त उतरला तर डॉक्टर गाठायचा.

आबांना मात्र एक वेगळं सांगावं लागलं. दम्याच्या झटक्यात सुरुवातीला ऑक्सिजन नीटच दिसू शकतो. वाक्य पुरं बोलता येत नसेल, छाती भरून आली असेल, तर यंत्र ९६ म्हणतंय म्हणून घरी थांबायचं नाही.

पैशांचं थोडक्यात. ऑक्सिमीटरवरच्या व्यापारी नफ्याला सरकारने जुलै २०२१ मध्ये ७० टक्क्यांची मर्यादा घातली होती. कोविडातल्या किमती आता उरल्या नाहीत. बरा बँड त्याच्या दोन-तीन पट पडतो. चिमट्याला दोन पेन्सिल सेल पुरतात. वापर कमी असेल तर सेल काढून ठेवा, गळतात. बँड चार्ज करायचा, पट्टा बदलायचा, फोनला जोडायचा, हे आबांच्या वयाला रोजचं काम होऊन बसतं. आणि स्वस्तातला एखादा बँड रक्तदाबही दाखवतो म्हणाला, तर हसून पुढे जा. दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याचं यंत्रच घ्या.

तर घरात दम्याचं, फुप्फुसाचं माणूस असेल तर आधी ऑक्सिमीटर. तिशी-चाळिशीत असाल, कळंब्यापर्यंत पळायचं आणि झोप सुधारायची मनात असेल तर बँड, पट्टा मनगटाच्या हाडाच्या एक बोट वर आणि जरा घट्ट. दोन्ही घेतले तरी बिघडत नाही, फक्त एकाला दुसऱ्याचं काम सांगू नका.

आबांनी तिथेच बाकावर बसून फोन लावला. “त्यो पट्टा सूनबाईला ठेव, ती पळायला जाती. मला चिमटा धाड. आन् सेलबी संगटच धाड.”