गावशाखा काढावी की बूथ समिती नेमावी?

विदर्भातील एखाद्या तालुक्यात पक्षाचे काम नव्याने उभारू पाहणाऱ्या कार्यकर्त्याला आधी हे ठरवावे लागते की, संघटनेचा पहिला घटक गाव धरायचा की मतदान केंद्र.

गावशाखेची परंपरा जुनी आहे. १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने खालपासून प्रांतापर्यंत समित्यांची रचना आणि चार आणे वर्गणीचे सभासदत्व स्वीकारले. पुढे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेने शाखा हे लोकांचे गाऱ्हाणे ऐकण्याचे ठिकाण केले. आपल्याकडच्या खेड्यात शाखा टिकते तीही याच कामावर. पांदण रस्त्याचा वाद, पीक विम्याचा अर्ज, रोजगार हमीची थकलेली मजुरी, निराधार योजनेचे कागद ही कामे वर्षभर संपत नाहीत आणि ती करणाऱ्याला गाव ओळखते. मात्र ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नसल्यामुळे एकाच शाखेतील माणसे दोन पॅनेलांत वाटली जातात आणि निकालानंतर कित्येक महिने एका सतरंजीवर बसत नाहीत. शाखा मोडण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे, असे माझे मत आहे.

बूथ समितीचा आधार मतदार यादी असतो. भारतीय जनता पक्षाने ही रचना सर्वाधिक नेटाने राबवली असून, तीत यादीच्या एकेका पानाची जबाबदारी एका पन्नाप्रमुखाकडे आणि काही बूथ मिळून एक शक्ती केंद्र असते. कोण कामासाठी पुण्याला गेला, कोणत्या सुनेचे नाव अजून माहेरच्या यादीत आहे, हे अशा समितीला नेमके कळते. परंतु मेळघाटात किंवा गडचिरोलीत दोन-तीन टोल्यांना, म्हणजे लहान वस्त्यांना, मिळून एकच केंद्र असू शकते, तर मोठ्या गावात एकच भावकी तीन केंद्रांत विभागलेली असते. शिवाय मतदान आटोपले की समितीला हाती काम उरत नाही.

जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची निवडणूक, जी पक्षचिन्हावर लढवली जाते, वर्षभराच्या आत असेल तर बूथपासून सुरुवात करावी. अवधी असेल तर आधी गावशाखा काढावी आणि तिच्याच सभासदांना यादीची पाने वाटून द्यावीत. पहिली बैठक कापूस वेचणीच्या दिवसांत न ठेवता पेरणीपूर्वीच्या उन्हाळ्यात संध्याकाळी घ्यावी, आणि शाखेचे किमान एक पद टोल्यावरच्या माणसाला द्यावे, म्हणजे निरोप तिथवर पोहोचतो.