ग्रॅनी की व्हाइम्स?

टेरी प्रॅचेटच्या 'डिस्कवर्ल्ड' या विनोदी, जादुई मालिकेतल्या ४१ कादंबऱ्यांत शिरायचं कुठून, असं कुणी विचारलं की मी म्हणतो, आधी माणूस निवडा. तिथं कासवावर चार हत्ती आणि त्यांच्यावर थाळीसारखी पृथ्वी, हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. कूर्म आणि दिग्गज घरचेच. पळपुटा मांत्रिक रिन्सविंड मला दोन पुस्तकांत पुरला. खरी चुरस डोंगरातली चेटकीण ग्रॅनी वेदरवॅक्स आणि शहरातला पहारेकरी सॅम व्हाइम्स यांच्यात.

ग्रॅनी वाचताना मला खानापूरकडची आमची आज्जी दिसते. बाळंतीण अडली की लोक मध्यरात्री तिच्या दारात यायचे, पण नुसतं गप्पा मारायला कोणी फिरकत नसे. 'कार्पे जुग्युलम'मध्ये (१९९८) आई किंवा बाळ, एकच वाचणार असतं. नवऱ्याला विचारू या, असं सुईण सुचवते. ग्रॅनी विचारत नाही. ते ओझं त्याच्या माथी मारायचं नाही म्हणून स्वतः ठरवते. असं पात्र मी दुसरीकडं वाचलेलं नाही.

तरी माझं गाडं अडलं ते दुसरीकडंच. 'विअर्ड सिस्टर्स' (१९८८) उभी आहे 'मॅकबेथ'वर, 'लॉर्ड्स अँड लेडीज' (१९९२) 'मिडसमर नाइट्स ड्रीम'वर. मी मराठी माध्यमातला. दर दोन पानांनी थांबायचं, मूळ नाटकात तो प्रसंग शोधायचा, परत यायचं. तोवर हसू विरून गेलेलं असायचं. शेक्सपिअर शिकलेल्यांना हा त्रास कदाचित होणारही नाही.

व्हाइम्सला असा आधार लागत नाही. 'मेन अ‍ॅट आर्म्स'मधला (१९९३) त्याचा बुटांचा हिशोब बघा. पन्नास डॉलरचा बूट वर्षानुवर्षं टिकतो. गरिबाला परवडतो दहाचा. तेवढ्या काळात तो शंभर घालवतो आणि पाय ओलेच. मी हे वाचलं तेव्हा पाऊस धो धो होता. कॉलेजात असताना अथणीची चांगली जोडी परवडत नाही म्हणून दर पावसाळ्यात बाजारातली स्वस्त चप्पल घ्यायचो. गणपतीपर्यंत तिचा अंगठा उसवलेला असायचा. व्हाइम्सच्या बुटाचे तळ इतके झिजलेले, की अंधारातही पायाखालच्या दगडांवरून तो गल्ली ओळखतो.

पुढं 'थड!'मध्ये (२००५) हाच माणूस शहरात दंगल पेटायच्या बेतात असतानाही संध्याकाळी सहाला घरी पोचतो, तान्ह्या पोराला गायीचं चित्रांचं पुस्तक वाचून दाखवायला. सहा म्हणजे सहा. माझी मुलगी लहान असताना तो भाग मी दोनदा वाचला.

तेव्हा व्हाइम्सच्या पहिल्या कादंबरीपासून, म्हणजे 'गार्ड्स! गार्ड्स!'पासून (१९८९) सुरू करा. ग्रॅनीला सोडू नका, फक्त आधी ती दोन नाटकं वाचून घ्या.