द्राक्षबागेच्या हवामानासाठी ग्राफाना : एका हंगामानंतरचा अनुभव

ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत निफाड-पिंपळगाव पट्ट्यातल्या आमच्या गटाच्या बागांचं हवामान आम्ही ग्राफानावर, म्हणजे सेन्सरचे आकडे स्क्रीनवर आलेखात दाखवणाऱ्या टूलवर, बघतोय. बागेत तापमान, आर्द्रता आणि पानांवरचा ओलावा मोजणारे सेन्सर, माहिती साठवायला इन्फ्लक्सडीबी, आणि हे सगळं पॅकहाऊसच्या ऑफिसातल्या जुन्या पीसीवर. टूल २०१४ पासूनचं, ओपन सोर्स. २०२१ पासून परवाना एजीपीएल, म्हणजे कोड बदलून इतरांना दिला तर तोही खुला ठेवायला लावणारा. आपल्या बागेपुरतं वापरायला त्याने काही अडत नाही आणि पैसे लागत नाहीत.

बसवायला सोपं आहे, त्यावर वेळ घालवत नाही. खरी पंचाईत मांडणीची, कारण हे टूल तुम्हाला काहीही कुठेही मांडू देतं. आमचा पहिला डॅशबोर्ड (सगळे आकडे-आलेख एकत्र दिसतात ते पान) दिसायला झकास होता: गोल काटे, रंगीत आलेख, काळी पार्श्वभूमी. हंगामाच्या मध्यावर तो नव्याने मांडायचं ठरलं, म्हणून गटावर फॉर्म टाकला. उत्तरं आली 'छान आहे', 'ओके' आणि बरेच अंगठे. आपल्याकडे ओळखीच्या माणसाच्या कामाला कोण लेखी नावं ठेवणार? मग बांधावर जाऊन फोन हातात द्यायचा, "काका, आज पहाटे शेकोट्या पेटवायच्या का, हे यावर बघून सांगा" एवढंच म्हणायचं आणि गप्प उभं राहायचं, असं सुरू केलं.

मग एकेक निघायला लागलं. फोनवर पॅनेल, म्हणजे बोर्डावरचे वेगवेगळे चौकोन, एकाखाली एक येतात, त्यामुळे कॉम्प्युटरवर उजव्या कोपऱ्यात ऐटीत बसलेलं किमान तापमान पार तळाशी गेलेलं. प्लॉट निवडायची यादी कोणी उघडलीच नाही. उन्हात काळ्या स्क्रीनवर आकड्यांऐवजी स्वतःचा चेहरा दिसायचा. रंगांचं तर विचारू नका. एक मोठा आकडा दाखवणाऱ्या स्टॅट पॅनेलमध्ये मुळातच ८० ला लाल, त्याखाली हिरवं अशी मर्यादा येते. पहाटेची आर्द्रता ८० च्या वर जाणारच, म्हणजे ती रोज लाल. आणि तापमान ५ अंशांवर आलं तरी हिरवंगार. "इकडं मणी तडकायची वेळ आली अन् हे म्हणतंय सगळं बेस," असं एक दादा म्हणाले ते काही खोटं नव्हतं.

पण सगळ्यात मोलाचा प्रश्न स्वतः बाग बघणाऱ्या एका काकूंचा. "हा आकडा आत्ताचाच आहे कशावरून?" स्टॅट पॅनेल डीफॉल्टने निवडलेल्या काळातलं शेवटचं उपलब्ध वाचन दाखवतं. वीज गेली, सेन्सर गप्प झाला, तरी संध्याकाळचे १४ अंश रात्रभर तसेच झळकत राहतात, आणि बाहेर पारा उतरत असतो. निफाडच्या थंडीत हा प्रकार महागात पडतो. नव्या बोर्डावर आकड्याशेजारी वाचनाची वेळ आहे, आणि आलेखात माहिती नाही तिथे रेघ तुटलेलीच ठेवलीय. तुटलेली रेघ बघून माणूस निदान फोन तरी करतो.

आता प्रत्येक प्लॉटची लिंक वेगळी, पार्श्वभूमी पांढरी, वर किमान तापमान, खाली पानांचा ओलावा, नावं मराठीत. गोल काटे गेले. कोणी त्यांची आठवणही काढली नाही.

नवीन घेणाऱ्यांना एक सांगतो: नेटवरचे जुने तयार डॅशबोर्ड डोळे झाकून उचलू नका. त्यात अँग्युलर या जुन्या वेब-तंत्रावरचे पॅनेल असतील तर २०२५ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीत ते चालत नाहीत. टेलिग्रामवर इशारे पाठवायची सोय मात्र उत्तम. तेवढ्यासाठीसुद्धा मी हे टूल ठेवेन.

एक मागणी अजून बाकी आहे. फवारणी कधी झाली ते आलेखावरच दिसावं, म्हणजे डाऊनी (केवडा रोग) आली तर मागे जाऊन ताळा लावता येईल. टूलमध्ये आलेखावर टीप टाकता येते, पण फवारणी करून आलेल्या माणसाने फोनवर तेवढी नेमकी जागा दाबायची म्हणजे कठीणच. सध्या ते गटावर आवाजी निरोप टाकतात आणि ऑफिसातून आम्ही नोंद चढवतो. कोणी याला सोपी वाट काढली असेल तर जरूर सांगा.